नाव नको, जमीन शोधा: अमेरिकन प्लेन्सवरच्या शेतकरी जोडप्याचा माग काढणाऱ्या सेवांचं परीक्षण

नेब्रास्का, कॅन्सस किंवा डकोटाच्या माळावर 1870-80 च्या सुमारास शेती थाटलेल्या नवरा-बायकोचा इतिहास काढायचा म्हटलं की बहुतेक जण आधी वंशावळीच्या एखाद्या मोठ्या साइटचे पैसे भरतात, नाव टाकतात आणि तिथले तयार वंशवृक्ष, म्हणजे 'झाडं', उतरवून घेतात. हा क्रम उलटा आहे. या भागातल्या शेतकऱ्याबद्दलचा सगळ्यात भरीव कागद जमिनीच्या वर्णनाला जोडून ठेवलेला असतो, आणि तिथवर पोचायला कुठलंही सभासदत्व लागत नाही. म्हणून हे परीक्षण मुख्यतः दोन सरकारी सेवांचं आहे. एक, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची 'जनरल लँड ऑफिस रेकॉर्ड्स' ही फुकट साइट. दुसरी, वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्ह्जकडून मागवायची जमीन-दाव्याची फाइल, फी 50 डॉलर (मागवण्याआधी चालू फी एकदा बघून घ्या). बाकीच्या सेवा पुढे ओघात येतील.

आधी कायदा थोडक्यात, कारण फाइलमध्ये काय असणार हे त्यानेच ठरतं. 20 मे 1862 ला लिंकनने सही केलेला होमस्टेड कायदा 1 जानेवारी 1863 पासून लागू झाला. कुटुंबप्रमुख किंवा 21 पूर्ण केलेली कुणीही व्यक्ती, नागरिक असलेली किंवा नागरिक होण्याचा इरादा लिहून दिलेली, 160 एकरांपर्यंत दावा लावू शकत होती. पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, माळ फोडून पेरायचं, मग साक्षीदार घेऊन लँड ऑफिसात पुरावा द्यायचा. सगळी सरकारी फी मिळून साधारण 18 डॉलर. पाच वर्षं थांबायचं नसेल तर सहा महिन्यांनंतर (1891 पासून 14 महिन्यांनंतर) एकरी 1.25 डॉलर भरून जमीन नावावर करून घेता येई. त्या पुराव्याच्या दिवशी सरकार प्रश्न विचारत होतं आणि शेतकरी शपथेवर उत्तरं देत होता. ती उत्तरं आज वाचायला मिळतात, आणि सगळी मेहनत त्यासाठीच करायची.

लँड ऑफिसची साइट वापरायला सोपी आहे, पण दोन-तीन खोडी माहीत नसल्या तर माणूस रिकाम्या हाताने परततो. 1788 पासूनचे 50 लाखांहून जास्त सरकारी जमीन-हक्काचे दस्त तिथे आहेत. राज्य निवडा, आडनाव टाका आणि पहिल्या नावाची चौकट रिकामी ठेवा. दस्तावर 'विल्यम' ऐवजी 'डब्ल्यूएम', 'जॉन' ऐवजी 'जेएनओ' किंवा नुसतं आद्याक्षर असू शकतं, आणि ही साइट ते आपणहून जुळवून घेत नाही. आडनावाचीही दोन-तीन स्पेलिंगं करून बघावी लागतात, जर्मन आणि चेक नावांची तर हमखास.

समोर येतो तो 'पेटंट', म्हणजे सरकारने दिलेला मालकी हक्काचा कागद. दिसायला ऐटबाज, मजकूर जेमतेम. खाली राष्ट्राध्यक्षांची सही दिसते, ती त्यांच्या हातची नसते. 1833 पासून ही कामं सचिवच करत आला आहे. तेव्हा 'आमच्या पणजोबांकडे ग्रोव्हर क्लीव्हलंडची सही आहे' असं म्हणून चौकट करून लावण्याआधी थोडं थांबा. या कागदावरून टिपून घ्यायच्या गोष्टी चारच: लँड ऑफिसचं गाव, दस्त क्रमांक, कोणत्या कायद्याखाली जमीन मिळाली ते, आणि जमिनीचं पूर्ण वर्णन. पेटंटची तारीख ही जोडपं तिथे आल्याची तारीख मुळीच नव्हे. पाच वर्षं राहणं, मग पुरावा, मग वॉशिंग्टनहून कागद येईपर्यंत आणखी वर्षभर किंवा जास्त. 1885 चं पेटंट असेल तर जोडपं 1878-79 च्या आसपास आलेलं धरून पुढे शोधावं. कित्येक कुटुंबांच्या छापील इतिहासात आगमनाचं साल चुकलेलं असतं ते नेमकं इथे.

पहिला दस्त सापडला की शोध थांबवायचा नाही. एकाच माणसाला होमस्टेडचे 160 एकर, 1873 च्या टिंबर कल्चर कायद्याखाली झाडं लावायच्या अटीवर आणखी 160, आणि जुन्या प्रिएम्प्शन कायद्याखाली विकत घ्यायचे 160, असे तीन निरनिराळे दावे लावता येत. शेवटचे दोन्ही कायदे 1891 मध्ये रद्द झाले. नेब्रास्काच्या पश्चिमेकडच्या सँडहिल्समध्ये 1904 च्या किंकेड कायद्यानंतर एका दाव्यात 640 एकर मिळू लागले. प्रत्येक दाव्याची फाइल वेगळी असते, आणि टिंबर कल्चरच्या फाइलमध्ये तर किती एकरांत कोणती झाडं लावली आणि त्यांतली किती जगली हेसुद्धा असतं. या कोरड्या माळावर ती बहुधा जगली नाहीत, आणि ते वाचायला फार बोलकं असतं.

जमिनीचं वर्णन वाचता येणं ही या कामातली खरी विद्या. उदाहरण घेऊ: 'सेक्शन 14 चा ईशान्य चतकोर, टाउनशिप 8 उत्तर, रेंज 5 पश्चिम, सहावी प्रिन्सिपल मेरिडियन'. प्रिन्सिपल मेरिडियन म्हणजे मोजणीची उभी मूळ रेषा, आणि रेंज म्हणजे तिच्यापासून पूर्वेला किंवा पश्चिमेला कितवा पट्टा. टाउनशिप म्हणजे सहा मैल बाय सहा मैलांचा चौरस, त्याचा आकडा आडव्या मूळ रेषेपासून उत्तरेला किंवा दक्षिणेला मोजतात. त्यात 36 सेक्शन, एकेक 640 एकरांचा. त्याचा चतकोर म्हणजे 160 एकर. क्रमांक नांगराच्या तासांसारखे जातात: ईशान्य कोपऱ्यात 1, तिथून पश्चिमेला 6 पर्यंत, एक ओळ खाली उतरून 7 ते 12 पुन्हा पूर्वेकडे, परत वळून 13 पासून पश्चिमेकडे, असं करत आग्नेय कोपऱ्यात 36. कॅन्सस आणि नेब्रास्का पूर्णपणे सहाव्या मेरिडियनवर मोजलेली आहेत, नॉर्थ डकोटा पाचव्या. मेरिडियन चुकली तर तुम्ही भलत्याच राज्यात जाता. 'उत्तर' ऐवजी 'दक्षिण' झालं तर नेब्रास्कातून थेट कॅन्ससमध्ये. 'पूर्व-पश्चिम' यांतलं एक अक्षर चुकलं तर त्याच राज्यात, पण कित्येक मैल लांब.

आता याच चौदाव्या सेक्शनकडे जवळून बघा. त्याच्या उत्तरेला 11, दक्षिणेला 23, पूर्वेला 13, पश्चिमेला 15. चारही विषम. रेल्वे कंपन्यांना सरकारने रुळांच्या दोन्ही बाजूंचे विषम सेक्शन एकाआड एक देऊन टाकले होते. म्हणजे हा टाउनशिप रेल्वेपट्ट्यात असेल तर होमस्टेडवाले शेजारी याच 14 मध्ये भेटतील किंवा कोपऱ्याला कोपरा लागलेल्या 10, 12, 22 आणि 24 मध्ये. बांधाला बांध लागलेली जमीन कंपनीची. याच पट्ट्यात 1879 पर्यंत साध्या दावेदाराला बहुधा 80 एकरच मिळत, तर अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेल्या सैनिकांना 1872 नंतर तिथेही 160. त्यामुळे फाइलमध्ये 80 एकरच दिसले तर जोडपं गरीब होतं असा निष्कर्ष काढू नका, आधी नकाशावर रूळ कुठे आहेत ते बघा. सेक्शन 16 आणि 36 शाळांसाठी राखीव असत, तिथे होमस्टेड शोधण्यात अर्थ नाही.

लँड ऑफिसच्या साइटची सगळ्यात कामाची सोय बहुतेकांना माहीतच नसते: नाव अजिबात न टाकता फक्त टाउनशिप, रेंज आणि सेक्शन टाकून शोधता येतं. मग त्या सेक्शनमधली सगळी पेटंटं एकदम येतात. बायकोचे भाऊ, नवऱ्याचा मेहुणा, त्याच गावाहून आलेले सोबती इथे शेजारी म्हणून उभे राहतात. माळावर एकटं जोडपं क्वचितच यायचं.

साइटची मोठी मर्यादा अशी की तिथे फक्त तडीस गेलेले दावे आहेत. अर्धवट सोडलेले, रद्द झालेले किंवा दुसऱ्याला पैसे घेऊन सोडून दिलेले दावे तिथे नाहीत, आणि प्लेन्सवर असे दावे ढीगभर होते. त्यांच्यासाठी ट्रॅक्ट बुकं, म्हणजे जमिनीच्या प्रत्येक तुकड्यावर लागलेल्या दाव्यांच्या सरकारी वह्या, बघाव्या लागतात. त्यांची छायाचित्रं फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर फुकट आहेत, पण नावाने शोधण्याच्या भरवशावर राहू नका. टाउनशिप आणि रेंज धरून पानं उलटत जायचं. एका चतकोरावर तीन-तीन नावं एकाखाली एक खोडलेली दिसली की त्या जमिनीने किती जणांना हाकलून दिलं ते कळतं.

आता 50 डॉलरची फाइल. मागणी अर्काइव्ह्जच्या साइटवरूनच करता येते. अर्ज भरताना गफलत होते ती क्रमांकात. होमस्टेडच्या प्रत्येक दाव्याला दोन क्रमांक असत: जमीन धरताना मिळालेला अर्ज क्रमांक, आणि पुरावा दिल्यावर मिळालेला अंतिम प्रमाणपत्र क्रमांक. पूर्ण झालेली फाइल अंतिम प्रमाणपत्राच्या क्रमांकाखाली लावलेली असते, रद्द झालेली अर्जाच्या क्रमांकाखाली. 1 जुलै 1908 नंतरच्या फायलींना देशभर एकच सलग पेटंट क्रमांक आहे, त्या शोधायला सोप्या. त्याआधीच्या फायलींना राज्य, लँड ऑफिसचं गाव, दाव्याचा प्रकार आणि क्रमांक ही सगळी माहिती लागते. 'होमस्टेड' ऐवजी 'कॅश' असं लिहिलेलं असलं तर गोंधळू नका. पैसे भरून लवकर नावावर केलेला होमस्टेड कॅश फायलींमध्ये जातो, आणि आत होमस्टेडचे मूळ कागदही बहुधा असतात.

पुराव्याच्या छापील फॉर्मवर दावेदाराला वय, जन्मस्थान, घर कधी बांधलं, राहायला कधी आलात, घरात कोणकोण आहे, मधल्या काळात किती दिवस आणि कशासाठी बाहेर होतात, किती एकर फोडली, किती हंगाम पीक काढलं, असे प्रश्न असतात. उत्तरांचा नमुना साधारण असा: सोड हाऊस (गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या चिरांचं घर) 14 बाय 20 फूट, एक दार, दोन खिडक्या, फळ्यांची जमीन. तबेला, विहीर, धान्याची कोठी. 45 एकर नांगरट, सहा हंगाम गहू आणि मका. बायको आणि चार मुलं. प्रत्येक सुधारणेपुढे किंमत डॉलरमध्ये. पुढे हेच प्रश्न दोन साक्षीदारांना विचारलेले असतात. तिन्ही जबान्या शेजारी ठेवून वाचाव्यात. दावेदार म्हणतो घर एप्रिलमध्ये बांधलं, साक्षीदार म्हणतो जूनमध्ये, आणि सत्य बहुधा साक्षीदाराकडे असतं, कारण मुदत भरलेली दाखवायची गरज दावेदाराला होती. 'किती काळ बाहेर होतात' हा प्रश्न तर सोन्यासारखा. हिवाळ्यात रेल्वेच्या कामावर गेलो, बाळंतपणासाठी बायको माहेरी गेली, टोळधाडीनंतर मजुरी शोधायला पूर्वेकडे गेलो, अशी उत्तरं तिथे येतात. 1874 च्या टोळधाडीनंतर काँग्रेसने दाव्यावरून काही काळ दूर राहायची सवलतच दिली होती, त्यामुळे त्या सालातली गैरहजेरी संशयास्पद मानू नये.

दावेदार परदेशात जन्मलेला असेल तर फाइल दुप्पट मोलाची. पुराव्याच्या वेळी नागरिकत्व पूर्ण झालेलं असणं सक्तीचं होतं, म्हणून त्याच्या नागरिकत्वाच्या कागदाची साक्षांकित नक्कल फाइलमध्ये जोडलेली असते. इरादापत्र बहुधा वाटेतल्या एखाद्या राज्यात, विस्कॉन्सिन किंवा इलिनॉयमध्ये दिलेलं असतं. ते तिथल्या काउंटी-काउंटीत शोधत बसायचं काम वाचतं. सैनिक असेल तर सेवामुक्तीची माहिती मिळते, कारण सैन्यातला काळ पाच वर्षांतून वजा होत असे. आणि 1879 पासून पुराव्याआधी जवळच्या वर्तमानपत्रात नोटीस छापणं बंधनकारक झालं, तिचं कात्रणही फाइलमध्ये असतं. त्यावर चार साक्षीदारांची नावं असतात, प्रत्यक्ष जबानी दोघांची. उरलेले दोघे कोण, हेही बघावं.

50 डॉलर वसूल होतात का? पुरावा दिलेल्या होमस्टेडची फाइल असेल तर नि:संशय. कुठल्याही साइटच्या वर्षभराच्या वर्गणीपेक्षा या एका फाइलमधून जास्त हाती लागतं. रद्द झालेल्या दाव्याची फाइल मात्र बरेचदा चार-पाच कागदांची, त्यामुळे ती मागवताना अपेक्षा बेताची ठेवावी. आणि नेब्रास्काची फाइल असेल तर मागवायची घाई करूच नका: तिथल्या होमस्टेड फायली स्कॅन होऊन फोल्ड3 या जुन्या नोंदींच्या साइटवर आल्या आहेत, आणि बिॲट्रिसजवळच्या होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्कमध्ये त्या फुकट बघता येतात. कायद्याच्या पहिल्याच दिवशी दावा लावणाऱ्या डॅनियल फ्रीमनची जमीन तीच.

फाइल मुळात नसेल तर? जोडप्याने रेल्वेकडून किंवा आधीच्या मालकाकडून जमीन विकत घेतली असणार. रेल्वेच्या विक्रीचे कागद सरकारकडे नाहीत. बर्लिंग्टन कंपनीचं दफ्तर शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीत आहे, नॉर्दर्न पॅसिफिकचं मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीत.

बायकोचा माग हा या सगळ्या व्यवस्थेतला कच्चा दुवा. विवाहित बाईला सहसा स्वतःच्या नावावर दावा लावता येत नसे. नागरिकत्वही सप्टेंबर 1922 च्या केबल कायद्यापर्यंत नवऱ्यामागून आपोआप मिळे, म्हणून तिचे वेगळे कागद नसतात. ते शोधण्यात वेळ घालवू नये. पण 21 वर्षांची अविवाहित मुलगी, विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली बाई दावा लावू शकत होती, आणि कित्येकींनी लावला. म्हणून लग्नाआधीच्या आडनावाने लँड ऑफिसच्या साइटवर एकदा शोध घ्याच. शेजारी-शेजारी दावे लावलेले मुलगा-मुलगी दोन वर्षांनी नवरा-बायको झालेले दिसतात, आणि तिच्या फाइलमध्ये लग्नाचं शपथपत्र मिळतं. नवरा मध्येच वारला तर पुरावा तीच देते. मग घर, विहीर आणि पिकाबद्दलची उत्तरं तिच्या तोंडची असतात.

जनगणनेत तिच्या कामाची नोंद एका अनपेक्षित जागी आहे. 1880 च्या शेती तक्त्यात एकर आणि जनावरांबरोबर वर्षभरात काढलेलं लोणी पौंडांत आणि अंडी डझनांत मोजलेली आहेत. तक्ता नवऱ्याच्या नावावर, पण लोणी-अंडी घरातल्या बाईची, आणि वाणसामान बरेचदा त्यावरच यायचं. हा तक्ता अँसेस्ट्री या वर्गणीच्या वंशावळ साइटवर बऱ्याच राज्यांचा आहे. सभासदत्व घेण्याचं हे एक खरंखुरं कारण, पण त्याआधी जवळच्या सार्वजनिक वाचनालयात लायब्ररी आवृत्ती आहे का ते विचारा.

जनगणनेत पडलेलं भगदाड या विषयात सगळ्यात जास्त नडतं. 1890 चे तक्ते जानेवारी 1921 च्या आगीमुळे जवळजवळ सगळे गेले. म्हणजे प्लेन्सवर माणसं लोटली नेमकी तीच वीस वर्षं कोरी. ते भरून काढायला 1885 ची जनगणना वापरायची: नेब्रास्का, डकोटा टेरिटरी आणि कोलोरॅडो इथे ती केंद्राच्या मदतीने झाली, शेती तक्त्यासकट. नेब्रास्कात काही ठिकाणी प्रगणकांनी नुसती आद्याक्षरं लिहिली आहेत, तिथे नावाने शोध हरतो आणि वयं जुळवावी लागतात. कॅन्ससने 1925 पर्यंत दर दहा वर्षांनी स्वतःची जनगणना केली, आणि तिच्यात 'कॅन्ससला कुठून आलात' हा रकाना आहे. साउथ डकोटाची 1905 पासूनची कार्डं फॅमिलीसर्चवर आहेत.

1900 चा तक्ता मात्र मन लावून वाचावा. जन्माचा महिना आणि साल, लग्नाला किती वर्षं झाली, आईला किती मुलं झाली, किती हयात, देशात कधी आले, नागरिकत्वाची स्थिती, शेत मालकीचं की भाड्याचं, मोकळं की गहाण. मुलांच्या रकान्यात 9 आणि 6 असं दिसलं तर तीन लेकरं गेली, आणि ती बहुधा 1880 ते 1900 या कोऱ्या काळात. त्यांची सरकारी मृत्यूनोंद शोधू नका. नेब्रास्कात राज्यभर नोंदणी 1904 मध्ये सुरू झाली, साउथ डकोटात 1905, कॅन्ससमध्ये 1911. चर्चची वही आणि दफनभूमी हेच आधार. फाइंड अ ग्रेव्ह या कबरींच्या नोंदींच्या साइटवर दगडाचा फोटो असेल तर विश्वास ठेवा. नुसती तारीख टंकलेली असेल तर ती कुणाच्या तरी झाडावरून आलेली समजा. 1900 च्या ओळीत शेवटी शेती तक्त्याचा क्रमांकही आहे, त्याच्या मागे धावू नका. ते तक्ते पुढे नष्ट केले गेले.

कॅन्सस-नेब्रास्का-डकोटातल्या रशियाहून आलेल्या जर्मनांबाबत एक सूचना: जन्मस्थान एका दशकात 'रशिया', दुसऱ्यात 'जर्मनी' असं दिसलं तरी माणूस तोच असू शकतो. 1910 आणि 1920 मधला मातृभाषेचा रकाना हा घोळ सोडवतो. अशा कुटुंबांसाठी लिंकन गावातल्या अमेरिकन हिस्टॉरिकल सोसायटी ऑफ जर्मन्स फ्रॉम रशियाचा संग्रह व्यापारी साइटपेक्षा उजवा. नॉर्वेजियनांत वडिलांच्या नावावरून पडलेलं आडनाव आणि गावाकडच्या शेताचं नाव अशी दोन्ही एकाच माणसाची चालतात.

वंशावळीच्या साइटबद्दल थोडक्यात. फॅमिलीसर्च पूर्ण फुकट, आणि त्याचा हस्तलिखितं वाचणारा नवा पूर्ण-मजकूर शोध जमिनीच्या दस्तांसाठी जबरदस्त आहे. साक्षीदार किंवा बांधकरी म्हणून आलेलं नावही तो उचलतो. पण तिथलं झाड सगळ्यांचं मिळून एकच, कुणीही येऊन बदलू शकतं. आज लावलेली पणजी उद्या दुसऱ्याच घराण्यात गेलेली दिसेल. पुरावे स्वतःच्या संगणकावर ठेवा. काही छायाचित्रं फॅमिलीसर्चच्या केंद्रात किंवा संलग्न वाचनालयात जाऊनच उघडतात. अँसेस्ट्रीची 'हिंट' ही सूचना आहे, पुरावा नव्हे. दहा झाडांवर एकच तारीख असली तरी ती एकाच चुकीच्या दहा नकला असू शकतात.

वर्तमानपत्रांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचं क्रॉनिकलिंग अमेरिका फुकट आहे आणि प्लेन्सच्या छोट्या गावांतले बरेच अंक त्यात आहेत. यंत्राने वाचलेला मजकूर सदोष असतो, म्हणून दावेदाराचं नाव सापडत नसेल तर नोटिशीतल्या साक्षीदारांची नावं टाकून बघा.

कागदांत नसलेलं काही हवं असेल तर प्रेअरी सेटलमेंट हा संग्रह शोधून बघा. सॉलोमन बुचरच्या सुमारे 3,000 काचेच्या निगेटिव्ह, बहुतेक नेब्रास्कातल्या कस्टर काउंटीच्या, आणि उरायाह ऑब्लिंगर कुटुंबाची 318 पत्रं. एका फोटोत घरातला ऑर्गन ओढून अंगणात आणलेला आहे, कारण बाईला ऑर्गन नातलगांना दाखवायचा होता, मागचं मातीचं घर नव्हे. ऑब्लिंगर हा उत्तरेचा माजी सैनिक 1872 मध्ये इंडियानाहून पुढे आला, बायको मॅटी लेकीला घेऊन 1873 मध्ये फिलमोर काउंटीत पोचली, आणि 1880 मध्ये बाळंतपणात गेली. अशी पत्रं आपल्या जोडप्याची मिळणं दुर्मीळ. पण फाइलमधल्या '14 बाय 20' मध्ये दिवस कसा जायचा हे कळायला ही वाचावीत.

ही जमीन होमस्टेडच्या आधी कुणाची होती, हे बहुतेक घराण्यांच्या इतिहासात एका ओळीतही नसतं. चार्ल्स रॉइसने 1899 मध्ये छापलेल्या नकाशांत प्रत्येक करारात सुटलेला प्रदेश क्रमांक घालून दाखवला आहे, ते लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. आपल्या टाउनशिपवर कोणता क्रमांक येतो तो बघा आणि पॉनी, ओमाहा, लकोटा, ज्याचं त्याचं नाव आणि साल लिहा. दहा मिनिटांचं काम.

शेवटी काउंटीचं कार्यालय. सातबारा डोक्यात ठेवून तिथे गेलात तर फसाल. एका जमिनीचा चालू उतारा असा काही नसतो, सुटे दस्त आणि त्यांच्या सूच्या असतात. लिहून देणाऱ्यांची एक सूची, लिहून घेणाऱ्यांची दुसरी, आणि काही काउंट्यांत सेक्शनवार तिसरी. तिसरी असेल तर तीच आधी मागा: पेटंटपासून आजपर्यंतचा प्रत्येक व्यवहार एका पानावर येतो. 1890 च्या दुष्काळात काढलेलं गहाण, 1930 च्या दशकात शेरीफने लिलावात विकल्याचा दस्त, म्हातारपणी मुलाला एक डॉलर घेऊन लिहून दिलेलं शेत, सगळं तिथे ओळीने दिसतं. जंगम मालाच्या गहाणाच्या वह्या कुठे टिकल्या असतील तर त्या सोडू नका. त्यांत घोड्यांचे रंग, वय आणि कधीकधी नावं, बांधणी यंत्र कोणत्या बनावटीचं ते, असा गोठ्याचा पंचनामाच सापडतो. नक्कल मागताना एक गोष्ट कारकुनाला निक्षून सांगा: पूर्ण पान हवं, समासासकट. गहाण फिटल्याची नोंद तारीख आणि सहीसह समासातच आडवी लिहिलेली असते, आणि नकला काढताना सगळ्यात आधी कापला जातो तो समास.